एका धोंड्याची रुजुवात

वाटोळ्या दगडाला केवळ दगड म्हणून सोडून देण्याचे औदार्य मनुष्यप्राण्याच्या ठायी अजून आलेले नाही. वेडावाकडा, कोनाकोपऱ्यांचा, ठेच लागण्यापुरताच ज्याचा समाजाशी संबंध येतो असा धोंडा शेताच्या बांधावर पिढ्यानपिढ्या पडून राहतो, त्याची विचारपूस कोणी करीत नाही, आणि त्याचीही तशी अपेक्षा नसते. परंतु निसर्गाच्या हातून चुकून एखादा दगड जरा गुळगुळीत, जरा लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असा घडला, की पाहणाऱ्याच्या मनात त्याचे कुल, गोत्र आणि पूर्वायुष्य यांच्या चौकशीचे कागद तत्काळ तयार होऊ लागतात. पूर्वी ही चौकशी फार लवकर आटोपत असे. दगडाला शेंदूर फासला की निकाल लागला, आणि त्या निकालावर अपील नसे. हल्ली शाळांतून विज्ञान शिकवू लागल्यामुळे, आणि त्याहीपेक्षा डायनोसॉर नामक प्राणी पोरांच्या दप्तरांवर, डब्यांवर आणि सदऱ्यांवर विराजमान झाल्यामुळे, शेंदराच्या जोडीला जीवाश्माचा दुसरा पर्याय उपलब्ध झाला आहे.

आमच्या खंडाळ्यात हा पर्याय ज्या प्रसंगाने अवतरला त्याची हकिकत सांगण्यापूर्वी खंडाळा म्हणजे कोणता, याचा खुलासा करणे भाग आहे. कारण तो केल्याशिवाय आम्हा लोकांचे कोणतेच वाक्य पुरे होत नाही. बोरघाटाच्या माथ्यावर जो खंडाळा आहे, जेथे धुके पाहावयास पैसे देऊन माणसे जातात आणि चित्रपटांतील नायक नायिकेला नेऊ म्हणतात, तो आमचा नव्हे. आमचा सातारा जिल्ह्यातला. शिरवळ आणि लोणंद ज्याच्या तालुक्यात मोडतात, ज्याच्या हद्दीत नायगाव येथे १८३१ साली सावित्रीबाई फुले जन्मल्या, आणि ज्याच्या डोक्यावर खंबाटकीचा घाट उभा आहे तो. पुण्याहून साताऱ्याकडे जाणारे प्रवासी आमच्या गावातून फार वेगाने जातात. भूवैज्ञानिकांनीसुद्धा आमच्याशी असाच व्यवहार केला. सह्याद्रीतील लाव्ह्याच्या थरांची त्यांनी रीतसर वर्गवारी लावली तेव्हा त्यांतील एका स्तरसमूहाला ‘खंडाळा’ हे नाव दिले खरे, पण ते त्या दुसऱ्या खंडाळ्यावरून. घाटापलीकडच्या वाईच्या वाट्याला मात्र ‘वाई उपगट’ म्हणून लाव्ह्याचा एक संपूर्ण सरंजाम आला. कृष्णेचे घाट तिला, ढोल्या गणपती तिला, मराठी विश्वकोशाचे कार्यालय तिला, आणि वर हा लाव्हाही तिलाच. त्यामुळे एखादी विश्वविख्यात वस्तू आपल्याही भूमीतून निघावी, ही इच्छा आमच्या पंचक्रोशीत दबा धरून बसलेली होतीच.

ती वस्तू निघाली आमच्या शेजारच्या गुरुजींच्या परसात. गुरुजी म्हणजे हेडमास्तरकीवरून सेवानिवृत्त झालेले, स्वच्छ धोतराचे आणि त्याहून स्वच्छ व्याकरणाचे गृहस्थ. न्हाणीच्या पाण्यावर केळ लावावी म्हणून त्यांनी गड्याकडून खड्डा घ्यावयास सुरुवात केली, आणि वरची काळी माती संपून मुरूम लागल्यावर पहारेखाली जो गोटा आला तो गड्याच्या मताने ‘धोंडा’ आणि गुरुजींच्या मताने ‘अंडे’ असा होता. आकाराने तो चांगल्या कलिंगडाएवढा, रंगाने तांबूस करडा. पहारेचा घाव बसलेल्या ठिकाणी त्याचा एक पापुद्रा सुटून आला होता, त्याखाली दुसरा दिसत होता आणि त्याखाली तिसऱ्याची रेघ. टरफल, पडदा आणि बलक अशी तिन्ही स्थाने गुरुजींनी जागच्या जागी निश्चित केली. गड्याला त्या दिवसाची पुरी मजुरी देऊन खड्डा तहकूब करण्यात आला.

आता या ठिकाणी एक नैसर्गिक अडचण होती. खंडाळा, सातारा, किंबहुना वर्धेपासून सह्याद्रीपर्यंतचा बहुतेक महाराष्ट्र ज्या काळ्या कातळावर वसला आहे, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून बाहेर पडलेल्या लाव्ह्याचा आहे. आज शिल्लक असलेले त्याचे क्षेत्रच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरते, आणि सह्याद्रीत त्याच्या एकावर एक चढलेल्या थरांची जाडी हजार मीटरांच्या पलीकडे जाते. बाहेर पडताना या लाव्ह्याचे तपमान अकराशे अंशांच्या आसपास असते. जीवाश्म होण्याकरिता प्राण्याने मरावे लागते हे खरे, पण नुसते मरून भागत नाही. चिखलात, गाळात, शांतपणे आणि लवकर पुरले जावे लागते. लाव्ह्यात जो सापडला त्याला पुरण्याची सवड मिळत नाही, दहनच होते. सारांश, दख्खनच्या कातळात अंडे शोधू जाणाऱ्याने उकडलेल्या अंड्याचीदेखील आशा बाळगू नये.

परंतु अडचण नैसर्गिक असली तर तिला विचारतो कोण! खड्डा तहकूब झाल्याची वार्ता संध्याकाळच्या आत गावभर झाली, आणि गुरुजींच्या ओसरीवर त्या गोट्याचा दरबार भरू लागला. त्या दरबारात बसून मी जे पाहिले त्यावरून माझे असे मत झाले आहे, की अज्ञात वस्तूची ओळख पटवताना मनुष्य त्या वस्तूकडे पाहतच नाही. तो आपल्या धंद्याकडे पाहतो आणि जे दिसते ते वस्तूच्या नावे खर्ची घालतो. रस्त्याचे ठेके घेणाऱ्या गृहस्थांनी गोटा उचलून पाहिला आणि याची खडी चांगली पडणार नाही, एवढेच सांगितले. डॉक्टरांनी त्यावर दोन बोटे ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटांनी टिचक्या मारल्या, पोकळ आवाज येतो की भरीव हे लक्षपूर्वक ऐकले, आणि निदान राखून ठेवले. तालमीच्या वस्तादांनी तो पूर्वीच्या पैलवानांचा मेहनतीचा गोटा असल्याचे बिनशर्त जाहीर केले व पूर्वीची माणसे कशी होती याविषयी बराच वेळ विवेचन केले. एका इतिहासप्रेमी तरुणाने तो तोफेचा गोळा ठरवला. लांबट गोळा तोफेत कसा बसेल, या शंकेवर तोफही तशीच असेल असे त्याचे उत्तर होते. पुण्याहून आलेल्या गुरुजींच्या भाच्याने मोबाइल काढून गोट्याचे छायाचित्र त्या यंत्राला दाखवले. यंत्राने प्रथम ‘बटाटा’ म्हटले. भाच्याने निराळ्या बाजूने छायाचित्र घेतल्यावर ‘भाजलेला बटाटा’ म्हटले. त्या यंत्राचाही काही तरी धंदा असणारच.

या बाबतीत आम्हा खंडाळकरांनाच हसण्याचे कारण नाही. इंग्लंडात ऑक्सफर्डसारख्या विद्यापीठातील रॉबर्ट प्लॉट या पंडिताने १६७७ साली आपल्या परगण्याच्या निसर्गेतिहासात एका प्रचंड हाडाच्या टोकाचे चित्र छापले, ते रोमन लोकांनी आणलेल्या हत्तीचे असेल काय याचा साधकबाधक विचार केला, आणि अखेरीस एखाद्या राक्षसकाय मनुष्याच्या मांडीचे ते हाड असावे असा निर्णय दिला. पुढे १७६३ साली रिचर्ड ब्रूक्स नावाच्या दुसऱ्या विद्वानाने तेच चित्र पुनश्च छापताना त्याखाली जे लॅटिन नाव घातले, ते मनुष्याच्या ज्या अवयवाचे होते त्याचा उच्चार या लेखात करता येण्यासारखा नाही; जिज्ञासूंनी एवढेच समजावे की हाडाच्या त्या टोकाला शेजारी शेजारी दोन गोल उंचवटे होते. मूळ हाड गहाळ झाले. चित्रावरून ते मेगॅलोसॉरस या डायनोसॉरच्या मांडीचे असावे, असे आज मानतात. म्हणजे मांडीपर्यंत प्लॉटसाहेब बरोबर पोचले होते. माणूस तेवढा चुकला.

ओसरीवरच्या मंडळींत महसुली खात्यात हयात घालवलेले आणि अव्वल कारकुनाच्या जागेवरून निवृत्त झालेले एक पेन्शनर होते. गोटा कशाचा आहे यात त्यांना तिळमात्र रस नव्हता. तो कोणाचा आहे हा त्यांचा प्रश्न होता. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली किमती वस्तू सापडली आणि तिची किंमत दहा रुपयांहून अधिक असली, तर सापडणाराने कलेक्टरास लेखी खबर देणे बंधनकारक आहे, हे त्यांनी कलमासह ऐकवले. शिवाय जमीन कब्जेदाराची असली तरी तिच्या पोटातील खनिजावर हक्क सरकारचा, हेही सांगितले. मग अंडे हे खनिज होते काय? जिवंतपणी नव्हते, हे पेन्शनरांनी मान्य केले. परंतु मृत्यूनंतर ते दगड झाले असल्यास त्या तारखेपासून त्याची नोंद बदलते, असे त्यांचे म्हणणे पडले. गुरुजींचा चेहरा उतरला. अंड्याची किंमत दहा रुपयांच्या आत दाखवावी तर त्याची प्रतिष्ठा जाते, आणि बाहेर दाखवावी तर सातबारावर सरकारचा शेरा येतो, अशा पेचात ते सापडले. वाईट याचेच वाटते, की कोंबडीच्या डझनभर अंड्यांनीही ज्या दहा रुपयांची मर्यादा केव्हाच ओलांडली आहे, त्या मर्यादेपुढे सहा कोटी वर्षांचे अंडे थरथर कापत होते.

दरम्यान भाच्याने कोठे तरी वाचले, की अश्मीभूत हाड ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे: त्याला जीभ लावावी. हाडाच्या अंगी बारीक छिद्रे असतात, ती ओलावा शोषून घेतात, आणि जीभ किंचित चिकटते. साध्या दगडाला चिकटत नाही. ही कसोटी थट्टेची नाही, भूवैज्ञानिक रानात ती खरोखरच वापरतात. पण रान निराळे आणि आमच्या वहिनींची, म्हणजे गुरुजींच्या पत्नीची, ओसरी निराळी. न्हाणीच्या सांडपाण्याच्या वाटेवर निघालेला धोंडा, त्यावर गावातील निम्म्या लोकांचे हात फिरलेले, आणि त्याला चाटून पाहावयाचे! “एवढी हौस असेल तर अंगणात जाऊन चाटा, आणि मग स्वयंपाकघरात पाऊल टाकू नका,” असा हुकूम सुटला आणि शास्त्राची ती शाखा तेथेच खुंटली. दुसऱ्या एका कसोटीत चुनखडीचा अंश असला तर आम्लाने फेस येतो, म्हणून वहिनींच्या परवानगीने अर्धे लिंबू पिळण्यात आले. फेस आला नाही. आला असता तरी अंडे सिद्ध होत नव्हते. आमच्या काळ्या मातीत चुन्याचे खडे कोठेही निघतात आणि त्यांवरही लिंबू फेसाळते. वास्तविक सापडलेली वस्तू धुऊ नये, ज्या थरात होती त्या थराची खूण ठेवावी, खोली मोजावी, भोवतालच्या मातीचा नमुना घ्यावा, हा या शास्त्राचा पहिला नियम आहे. वहिनींनी पहिल्याच संध्याकाळी गोटा चिंच आणि राख लावून घासून लख्ख केला होता.

गुरुजींची आशा सर्वस्वी निराधार होती असे मात्र मला म्हणवत नाही. लाव्ह्याचा एक लोट आटोपला की दुसरा येईपर्यंत कैक वर्षांची उसंत मिळे. तेवढ्या अवकाशात तळी साचत, गाळ बसे, झाडे उगवत, बेडूक ओरडत, आणि मग पुढचा लोट त्या साऱ्यावर पांघरूण घाली. या पांघरुणांच्या घड्यांत जे टिकले तेच आमच्या कातळमुलखाचे जीवाश्म. नागपुरात स्टीफन हिस्लॉप या पाद्रीसाहेबांनी धर्मप्रचाराच्या मधल्या वेळात टाकळीच्या परिसरातून गोड्या पाण्यातल्या गोगलगायी आणि दगड झालेली फळे वेचली, आणि रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांचा वृत्तांत १८५५ साली लंडनच्या नियतकालिकात छापला. मुंबईत वरळीच्या टेकडीतून चिमुकले बेडूक निघाले. ज्यांनी ‘डायनोसॉर’ हे नाव जगाला दिले त्या रिचर्ड ओवेन यांनीच १८४७ साली त्यांचे वर्णन केले. वरळीत जागेची अडचण तेव्हापासूनच असावी, कारण ते बेडूक फारच लहान आहेत. खाली बेळगाव जिल्ह्यात गोकाकजवळ नदीकाठच्या जुन्या गाळात ब्रूस फूट यांना गेंडा मिळाला आणि १८७४ साली त्याचे ‘दख्खनचा गेंडा’ या अर्थाचे नाव शास्त्रात दाखल झाले. हा गेंडा लाव्ह्यानंतर फार उशिराने आलेला, म्हणून भाजण्यातून वाचला.

परंतु या सर्वांवर कडी आहे ती चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याची. तेथे डायनोसॉरची हाडे मिळतातच, पण त्याहून विपुल मिळते ती त्या काळची विष्ठा, पूर्णपणे दगड झालेली. शेतकऱ्यांच्या नांगराला लागणाऱ्या या गोळ्यांवर विद्वानांनी दीडशे वर्षे परिश्रम केले आहेत. २००५ साली लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतून गवताचे सूक्ष्म सिलिकाकण वेगळे काढून दाखवले, आणि डायनोसॉरच्या काळी गवत जवळजवळ नव्हतेच, ही जगभरची समजूत त्या शेणाने मोडून काढली. त्यांत भाताच्या कुळीचे गवतही होते! विदर्भाच्या भूमीत असे मौलिक शेण सापडावे आणि आमच्या वाट्याला नुसता दगड यावा, याचे गुरुजींना वैषम्य वाटले; वहिनींना ते बिलकूल वाटले नाही.

अशा स्थितीत दरबारातील एका भाविक मंडळीने शेंदराची पुडी काढली. त्यांच्या बाजूने पुरावा भक्कम होता. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातील पाडल्या येथे शेतांत मिळालेले गोल दगड लोक ‘काकड भैरव’ म्हणून पूर्वापार पुजत होते. तो भैरव शेताचे व गुराढोरांचे रक्षण करी. २०२३ साली तज्ज्ञांनी ते दगड म्हणजे डायनोसॉरची अंडी असल्याचा निर्वाळा दिला. तेव्हा तेथे देवाचे अंडे झाले असेल तर येथे अंड्याचा देव करावयास कोणाची हरकत आहे, असा हा युक्तिवाद होता. पेन्शनरांनी हरकत घेतली. एकदा शेंदूर लागला की वहिवाट पडते, वहिवाट पडली की वाट द्यावी लागते, आणि मग न्हाणीच्या पाण्याचा निचरा देवस्थानच्या संमतीवाचून करता येत नाही. पुडी पुन्हा खिशात गेली.

शेवटी गुरुजींचे एक जुने विद्यार्थी, जे पुण्यात एका महाविद्यालयात भूविज्ञान शिकवतात, त्यांना पत्र गेले आणि एका रविवारी ते आले. ओसरीवर इतकी दाटी होती की त्यांना चपला काढावयासही जागा नव्हती. त्यांनी गोटा पाहिला, उलटा केला, सुटलेला पापुद्रा नखाने आणखी थोडा उचकटला आणि विचारले, “गुरुजी, लोणंदच्या बाजारातला कांदा पाहिला आहे ना? हा दगडाचा कांदा आहे.” मग त्यांनी समजावून सांगितले, की थंड होताना कातळाला उभ्याआडव्या चिरा पडतात आणि त्याचे चौकोनी ठोकळे होतात, चिरांतून पाणी झिरपते आणि दगड कुजवू लागते, ठोकळ्याच्या सपाट बाजूवर ते एकाच अंगाने चालून येते, कडेवर दोन अंगांनी, आणि कोपऱ्यावर तिन्ही अंगांनी, म्हणून कोपरे आधी झिजतात, आणि चौकोनाचा गोल होऊन वरून एकेक पापुद्रा सुटत जातो. घाटात रस्त्याला जेथे जेथे कडा तासली आहे तेथे मुरमात असे शेकडो गोटे बसलेले दिसतील. आतल्या भागात त्यांनी एक पांढरा स्फटिकही दाखवला. लाव्ह्यातील वायूच्या बुडबुड्यांच्या जागी मागाहून खनिजे भरतात, त्यांपैकी तो एक. त्यालाच आदल्या दिवसापर्यंत आम्ही गर्भाचा दात मानीत होतो. ओसरी पाच मिनिटांत रिकामी झाली. वस्ताद मात्र जाता जाता म्हणाले, “कांदा असू दे, पन उचलून बगा की येकदा!”

गुरुजींचे सांत्वन व्हावे म्हणून प्राध्यापक चहाला आत आले, आणि देवघरासमोरून जाताना एकाएकी थबकले. ताम्हनात वहिनींनी नुकताच स्नान घालून ठेवलेला शाळिग्राम होता. काळाभोर, एका बाजूने उघडलेला, आत चक्राची घडी न घडी स्पष्ट. “वहिनी, खंडाळ्यातला जीवाश्म हा इथे आहे,” ते म्हणाले, आणि ज्या माणसाने परसातल्या गोट्यावर पाच मिनिटे खर्च केली होती तो देवापुढे मांडी ठोकून बसला. नेपाळातील मुक्तिनाथाच्या बाजूला काली गंडकीच्या पात्रात हे गोटे मिळतात. हिमालय होण्यापूर्वी तेथे समुद्र होता, त्यात अमोनाइट नावाचे शंखधारी प्राणी होते, ते चिखलात पुरले गेले, आणि भारताचा भूखंड उत्तरेस भिडून तो चिखल उचलला गेला तेव्हा प्राणी पर्वतावर चढले. वय सुमारे पंधरा कोटी वर्षे. दख्खनचा पहिला लाव्हा बाहेर पडला तेव्हाच हा दगड होऊन कैक कोटी वर्षे लोटली होती.

वहिनींना यात नवल काही दिसले नाही. “स्वयंभू आहे तो. त्याची प्राणप्रतिष्ठा करावी लागत नाही,” त्या म्हणाल्या. प्राध्यापक म्हणाले, प्राण त्यात खरोखरच होता. मग त्यांनी त्याला हातात घेण्याची परवानगी मागितली. ती आंघोळ करून, गुरुजींचे सोवळे नेसून, आणि जीभ लावणार नाही असे कबूल करून घेतल्यावर मिळाली. भिंग लावून त्यांनी चक्रावरच्या उभ्या कंगोऱ्यांचे निरीक्षण केले, टिपण केले, आणि छायाचित्र घेण्यापूर्वी, वस्तूचे मान कळावे म्हणून भूवैज्ञानिक जवळ एखादी परिचित वस्तू ठेवतात त्या शिरस्त्याने, शाळिग्रामाशेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवले. छायाचित्र झाले. प्राध्यापक नाणे उचलणार तोच वहिनींनी ते कपाळाला लावून देवघरातील दक्षिणेच्या डबीत टाकले होते. चहाला थांबलेल्या पेन्शनरांनी दारातूनच खुलासा केला, की रक्कम दहा रुपये आहे, दहांहून अधिक नाही; सबब कलेक्टरास कळवण्याचे कारण नाही.